‘शांत बसेल’ आधी खोडा

ताई, नमस्कार. मी नाशिकला सिडकोतल्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीची वर्गशिक्षिका आहे. पटावर ४८ मुलं. त्यातल्या एकाला दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवर घालणं अवघड जातं त्या विकाराचं, निदान केलं. मुलगा आठ वर्षांचा. तोंडी उत्तरं पटापट देतो, वही मात्र कोरी. जागेवर बसत नाही, मध्येच बोलतो, पेन्सिल-रबर रोज हरवतो. पालकांनी आणलेल्या कागदावर ‘शाळेने शैक्षणिक मदतीची उद्दिष्टं ठरवावीत’ असं लिहिलंय. मुख्याध्यापिकांनी ते काम माझ्याकडे दिलं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद मागितलाय. मी लिहिलं आहे ते असं : ‘वर्गात शांत बसेल. शिक्षकांकडे लक्ष देईल. अभ्यास वेळेत पूर्ण करेल. इतरांना त्रास देणार नाही. अक्षर सुधारेल. गणितात प्रगती करेल.’ हे लिहून पुढे काय होणार, ते मला कळत नाही. त्याचे वडील अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये आहेत. ते म्हणतात, ‘गच्चीवर पतंग घेऊन तीन-तीन तास उभा राहतो, मग वहीतच काय होतं? तुम्ही लाड करू नका.’ दुसऱ्या मुलांचे पालक विचारतात, त्यालाच सवलत का? एवढ्या मोठ्या वर्गात एकासाठी वेगळं काय करू आणि कसं करू?
— एक वर्गशिक्षिका, सिडको, नाशिक

बाई, नमस्कार.

हे लिहून काय होणार, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. तिथूनच सुरुवात करू. तुमच्या सहा वाक्यांतली पहिली चार खोडून टाका. शेवटची दोन ठेवा, ती दुरुस्त करता येतील.

चार का खोडायची? मार्चमध्ये हा कागद पुन्हा हातात घ्याल तेव्हा ‘शांत बसेल’ झालं की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार? किती वेळ शांत, कुठल्या तासाला, आज तो किती वेळ बसतो, यातलं काहीच कागदावर नाही. मग ज्या दिवशी तुमचं डोकं दुखत असेल त्या दिवशी तो ‘बसलाच नाही’, आणि ज्या दिवशी वर्ग आनंदात असेल त्या दिवशी ‘बरं चाललंय’. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहाच्या सहा वाक्यांत काम फक्त मुलाला दिलेलं आहे. तुम्ही काय कराल, याचा एक शब्द नाही. चष्मा लागलेल्या मुलाच्या कागदावर आपण ‘फळा स्पष्ट पाहील’ असं लिहीत नाही. चष्मा लावेल आणि पुढच्या बाकावर बसेल, असं लिहितो. या मुलाला जे जमत नाही म्हणून डॉक्टरांनी कागद दिला, तेच आपण त्याच्याकडे उद्दिष्ट म्हणून मागतोय.

‘शांत बसेल’बद्दल माझं मत जरा ठाम आहे. बसणं म्हणजे शिकणं नव्हे. पाय हलवत, बाकाला टेकून उभं राहून, हातात खोडरबर फिरवत ऐकणारी आणि सगळं समजणारी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. त्यांची सगळी ताकद शांत बसण्यात खर्च झाली तर ऐकायला काही उरत नाही. तो उभा राहून पाच उदाहरणं सोडवत असेल आणि शेजाऱ्याच्या अंगावर पडत नसेल, तर त्याला उभं राहू द्या.

आता वडिलांचा पतंग. त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण हाच प्रश्न आजी विचारणार, मामा विचारणार, उद्या मुख्याध्यापिकाही विचारतील. पतंग उडवताना प्रत्येक क्षणाला काहीतरी घडतं. दोरा ताणला, ढील दिली, वारा फिरला, समोरच्याचा पतंग जवळ आला. आपण केलं त्याचं फळ लगेच हाताला कळतं. वहीतल्या दहाव्या ओळीचं फळ कधी कळतं? तुम्ही ४८ वह्या तपासाल तेव्हा, म्हणजे उद्या किंवा परवा. एडीएचडी असलेल्या मुलाकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवणं, आणि फळ लांब असताना टिकवून धरणं, हे त्याला जमत नाही. पतंगापाशी तीन तास उभं राहणं हा त्याच्या आळशीपणाचा पुरावा नाही, हे वडिलांना शांतपणे सांगा.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या वाढीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांमध्ये सरासरी साडेसात वर्षांच्या आसपास कमाल होते. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ती सरासरी साडेदहाच्या आसपास झालेली दिसली. वाढीचा क्रम तोच, वेळ उशिराची. आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जो आवर घालणं, थांबणं, आखणी करणं ही कामं सांभाळतो. याचा बुद्धीशी संबंध नाही, म्हणूनच तो तोंडी उत्तरं पटापट देतो. कागद लिहिताना मी हे असं धरते : गणित तिसरीचंच द्यायचं, पण स्वतःला सांभाळण्याची अपेक्षा बालवाडी-पहिलीतल्या मुलाकडून ठेवू तेवढीच ठेवायची, आणि मधली जागा मोठ्यांनी भरून काढायची.

त्याला वर्गाचे नियम विचारून पाहा, सगळे पाठ असतील. ते माहीत नाहीत ही अडचणच नाही. ऐन वेळी ते हाताशी येत नाहीत, ही आहे. म्हणून परिपाठानंतर दिलेली समज दुपारच्या तासाला उपयोगी पडत नाही. मदत त्या तासाला, त्या बाकापाशी, पेन्सिल हातात असताना पोचली पाहिजे.

उद्दिष्टं लिहिण्याआधी पाच दिवस फक्त नोंद करा. त्या पाच दिवसांत काहीही बदलू नका, नेहमीसारखंच शिकवा. ४८ मुलांत दिवसभर एकाकडे बघणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. दोन तास निवडा, एक मराठीच्या लेखनाचा आणि एक गणिताचा. टाचणवहीच्या, म्हणजे पाठाची तयारी लिहिता त्या वहीच्या, मागच्या पानावर चार रकाने आखा. सूचना दिल्यावर किती वेळानं पेन्सिल कागदाला लागली? किती वेळा आठवण करावी लागली? दहा मिनिटांत किती ओळी किंवा किती उदाहरणं झाली? आणि कुठे थांबला? शेजारच्या बाकावरच्या एखाद्या साधारण मुलाचीही हीच नोंद करा, पण नाव न लिहिता. दोन गोष्टी हाती लागतील. आपला मुलगा किती मागे आहे याचा खरा आकडा मिळेल, आणि ‘साधारण’ मुलगाही दहा मिनिटं सलग लिहीत नाही, हे दिसेल. कित्येकदा ही दरी वाटते त्याहून लहान निघते.

‘कुठे थांबला’ हा चौथा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. सगळी कोरी पानं सारखीच दिसतात, पण त्यामागचं कारण दर वेळी एकच नसतं.

समजा, तो सुरूच करत नाही. तुम्ही म्हणालात, ‘पुस्तकं बंद करा, गणिताची वही काढा, तारीख टाका, पान ४२ वरचं दुसरं उदाहरण उतरवून घ्या.’ चार सूचना एका दमात. त्याच्यापर्यंत पहिली पोचली, शेवटची पोचली, मधल्या दोन वाऱ्यावर गेल्या. मग तो शेजाऱ्याला विचारतो, आणि आपण म्हणतो बडबड करतोय. इथे त्याला लक्ष द्यायला सांगून उपयोग नाही, सूचना तोडून द्यायला हव्यात.

समजा, तो सुरू करतो पण चौथ्या ओळीला थांबतो, आणि हे फक्त फळ्यावरून उतरवून घेताना होतं. नजर फळ्यावर, मग वहीत, पुन्हा फळ्यावर. प्रत्येक फेरीत जागा हरवते. तेच वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून वहीशेजारी ठेवलं तर आठ ओळी होतात का, हे एका दिवसात कळेल. झाल्या, तर अडचण फळ्यावरून उतरवण्याची आहे, लिहिण्याची नाही.

समजा, तो सगळ्यांच्या आधी संपवतो आणि निम्मी उदाहरणं चुकतात. वजाबाकीच्या जागी बेरीज केलेली असते. हा घाईचा मुलगा. याला चिन्हाभोवती गोल करून मग सोडवायची सवय लावावी लागते.

आणि समजा, हात लवकर दुखतो, अक्षर ओळीबाहेर जातं, पेन्सिल मुठीत धरली जाते. तर ‘अक्षर सुधारेल’ हे उद्दिष्ट आहे त्या रूपात क्रूर आहे. आधी कमी लिहू द्या, तोंडी उत्तर ग्राह्य धरा, चौकटीची वही द्या. पालकांना सांगा की लेखनाच्या हालचालींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवायचं का, ते डॉक्टरांना विचारावं.

पेन्सिल हरवते, हे मात्र उद्दिष्ट बनवू नका. टोक केलेल्या तीन पेन्सिली तुमच्या टेबलावर डब्यात ठेवा, संपली की घेऊन जाईल. त्याच्यावर खर्च करायला आपल्याकडे मोजकीच शक्ती आहे, ती पेन्सिलीवर घालवायची नाही.

पाच दिवसांनी आकडे हातात आले की वाक्यं आपोआप लिहिली जातात. एक लिहून दाखवते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. ‘सध्या गणिताच्या तासाला सूचना दिल्यावर पाचपैकी एकदा दोन मिनिटांत काम सुरू करतो. फेब्रुवारीअखेर, शिक्षिकेने बाकाजवळ येऊन एकच सूचना दिल्यावर आणि जास्तीत जास्त एकदा आठवण केल्यावर, पाचपैकी चार वेळा दोन मिनिटांत काम सुरू करेल. नोंद वर्गशिक्षिका रोज टाचणवहीत करतील.’ लांबलचक वाटेल, पण यात आज कुठे आहे, कुठे जायचं आहे, कोणाच्या कोणत्या मदतीनं आणि ते कळणार कसं, सगळं आलं. तुमच्या जागी उद्या बदली शिक्षिका आली तरी तिला हे वाचून करता येईल.

‘गणितात प्रगती करेल’ची दुरुस्तीही अशीच. गणितात नेमकं काय? तीन अंकी हातच्याची वजाबाकी असेल तर तेवढंच लिहा. ‘सध्या तोंडी पायऱ्या बरोबर सांगतो, वहीत दहापैकी तीन उदाहरणं सोडवतो, त्यातली दोन बरोबर. फेब्रुवारीअखेर पाच-पाचच्या दोन तुकड्यांत, मध्ये एकदा उठण्याची मुभा देऊन, दहापैकी आठ सोडवेल आणि त्यातली सात बरोबर असतील.’ आणि स्वतःला विचारा, दहा हवीतच का? पाच उदाहरणांत त्याला हातचा कळला हे दिसत असेल तर पुढची पाच फक्त सहनशक्तीची परीक्षा आहे. शाब्दिक उदाहरणांत तर दोन पुरतात. ‘एका पेटीत ४ किलो द्राक्षं, अशा ३६ पेट्यांत किती?’ हे वाचून काय करायचं ते सांगितलं, की त्याचं गणित आलं. घरच्या अभ्यासालाही हाच नियम लावा. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि कृती यांना जागा आहेच, ती या मुलासाठी पूर्ण वापरा.

तिसरं उद्दिष्ट त्याला निवडू द्या. मधल्या सुट्टीत शेजारी बसवून विचारा, ‘तुला शाळेत सगळ्यात जड काय जातं?’ बहुतेक मोठ्यांना वाटतं तो अभ्यास म्हणेल. पुष्कळ मुलं सांगतात, ‘मला कोणी खेळायला घेत नाही.’ तसं म्हणाला तर तिसरं उद्दिष्ट मैदानावरचं असू द्या : आपली पाळी येईपर्यंत थांबणं, एका ठरावीक खेळात, एका समजूतदार जोडीदारासोबत. वर्गात मध्येच बोलण्यापेक्षा हे त्याच्या दृष्टीनं मोठं दुःख असू शकतं, आणि ज्या कागदात त्याच्या दुःखाची एक ओळ आहे त्या कागदासाठी तो मेहनत घेतो.

तीनच. चौथं लिहू नका. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘सहा रकाने आहेत’, तरी तीन कोरे ठेवा. सहा उद्दिष्टं तुमच्या लक्षात राहणार नाहीत, त्याच्या तर नाहीतच.

पहिला टप्पा किती उंच ठेवायचा, यात चूक झाली तर सगळं मोडतं. आज दहापैकी तीन करणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात आठ मागितली तर तो सोमवारी हरेल, मंगळवारी हरेल आणि बुधवारी कागद फाडेल. पहिल्या आठवड्यात चार मागा. एडीएचडी असलेल्या मुलांसाठी रोजच्या नोंदीचं कार्ड वापरण्याची पद्धत अमेरिकेत विल्यम पेल्हॅम या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप वापरली आणि तपासली. तिचा गाभाच हा आहे की सुरुवातीचं लक्ष्य असं ठेवायचं की मूल बहुतेक दिवस जिंकेल, आणि ते जमू लागलं की थोडं वर सरकवायचं. मी साधारण पाचपैकी चार दिवस जमेल इतकं ठेवते. या मुलांनी आयुष्यात ‘जमलं’ हा शब्द फार कमी ऐकलेला असतो.

ते कार्ड असं करा. हाताच्या तळव्याएवढा कागद, त्यावर तीन ओळी, प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. मोठी सुट्टी होण्यापूर्वी एकदा आणि शाळा सुटताना एकदा भरायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. ‘नाही’च्या पुढे काहीही लिहायचं नाही. ‘आज खूपच त्रास दिला’ असं एकदा लिहिलं की ते कार्ड घरी पोचणं बंद होतं, आणि मुलाला खोटं बोलण्याचं कारण आपण देतो. घरी आई किंवा वडील, त्या दिवशी जो घरी असेल तो, कार्ड बघेल आणि त्याच संध्याकाळी ठरलेली गोष्ट देईल. रविवारची सहल या मुलासाठी फार लांब असते. वडिलांना इथे सामील करून घ्या. पहिली शिफ्ट असेल तर संध्याकाळी वीस मिनिटं गच्चीवर दोघांनी मिळून पतंग, साध्या सुती दोऱ्याचा. संक्रांत जवळच आहे, याहून चांगलं बक्षीस शोधायला नको. दुसरी शिफ्ट असेल तर आईबरोबर काय, ते आधीच ठरवून ठेवा. पण कार्डावर ‘नाही’ आलं म्हणून संक्रांतीचा पतंग काढून घ्यायचा नाही. मिळवलेलं वाढेल, त्याचं मुळातलं जाणार नाही, हे वडिलांकडून कबूल करून घ्या.

शाळेच्या बाजूनं हाच नियम मधल्या सुट्टीला लावा. काम राहिलं म्हणून त्याची सुट्टी किंवा खेळाचा तास कापू नका. ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचीच हालचाल बंद केली, तर त्यानंतरचा तास तुमचाच अवघड जातो. शिक्षा म्हणून उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, चारचौघांत त्याच्या आजाराचा उल्लेख करणं हे तर सोडाच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे.

आता तुमचा भाग. कागदाचा उजवा अर्धा रिकामा सोडा आणि वर लिहा, ‘शिक्षिका काय करतील’. दार आणि खिडकी दोन्हींपासून दूर, फळ्यासमोर, शांत जोडीदाराशेजारी त्याची जागा. बोलण्याआधी बाकावर दोन बोटांनी हलकेच टकटक, मग एक सूचना, आणि ‘आता काय करायचं?’ असं त्याच्याच तोंडून एकदा वदवून घेणं. दिवसाचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिणं आणि झालेलं खोडत जाणं. पाच उदाहरणं झाली की वही तुमच्याकडे आणून दाखवणं. त्यात त्याचं उठणंही होतं आणि फळही लगेच मिळतं. वह्या वाटणं, खडू आणणं, फळा पुसणं ही कामं त्याच्याकडे, पण काम चुकलं की काढून घ्यायची नाहीत. चांगलं केलं की त्याच क्षणी, नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं : ‘सांगितल्या सांगितल्या वही काढलीस.’ नुसतं ‘शाबास’ त्याला कशासाठी ते कळत नाही.

यातलं काय ४८ मुलांच्या वर्गात जमणार नाही? मला वाटतं, सगळं जमेल. आणि फळ्यावरच्या क्रमाचा, तोडून दिलेल्या सूचनांचा फायदा आणखी दहा मुलांना होईल, ज्यांच्याकडे कुठल्याही डॉक्टरांचा कागद नाही.

दुसरे पालक विचारतील त्यांना एवढंच सांगा, ‘ज्या मुलाला जी मदत लागते ती मी देते, तुमच्या मुलालाही देईन.’ निदानाचा उल्लेख कुणाकडेही करायचा नाही, स्टाफरूममध्येही सहज गप्पांत नाही. ती माहिती त्या घराची आहे. आणि ही सवलत नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणं, हे त्यातलं एक. मुख्याध्यापिकांना हे कलम दाखवा. वर्गातल्या या मदतीसाठी दिव्यांगत्वाच्या कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

प्रमाणपत्रावरून एक गोष्ट पालकांना वेळीच स्पष्ट करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते, आणि ती चंचलतेच्या गोंधळात वर्षानुवर्षं झाकली जाते. म्हणून एक दिवस त्याला दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा एकट्याला वाचायला द्या. अडखळतो का, जोडाक्षरं सोडतो का, अंदाजानं शब्द म्हणतो का, ते ऐका. तोंडी हुशार आणि वाचनात अडकलेला असेल तर लक्षावरची उद्दिष्टं मागे ठेवून पहिलं उद्दिष्ट वाचनाचं लिहा. तो आठ वर्षांचा आणि तिसरीत आहे, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी वय योग्य आहे. पालकांनी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं, आणि त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातही चौकशी करावी. सरकारी बाजूनं मदत हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं तेव्हा या मुलाबद्दल आवर्जून सांगा; त्यांच्या आजारांच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही आहेत. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या समावेशित शिक्षण विभागातले विशेष शिक्षकही असतात. केंद्रप्रमुखांकरवी त्यांना एकदा वर्गात बोलवा आणि तुमच्या पाच दिवसांच्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवा.

औषधाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पालक विचारतील. तो निर्णय डॉक्टर आणि पालकांचा. तुम्ही ‘द्या’ही म्हणू नका आणि ‘देऊ नका’ही म्हणू नका. तुमची नोंद मात्र औषध सुरू झालं तरी त्याच चार रकान्यांत चालू ठेवा. औषध लागू पडतंय का, हे डॉक्टरांना दवाखान्यातल्या दहा मिनिटांत दिसत नाही, तुमच्या पानावर दिसतं.

पालकांची बैठक कागद पक्का होण्याआधी घ्या, नंतर सहीपुरती नको. सुरुवात तो काय करू शकतो यावरून करा, तोंडी उत्तरांची दोन उदाहरणं तयार ठेवा. तिन्ही उद्दिष्टं वाचून दाखवा आणि प्रत्येकापुढे घरचं काम काय ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मुलालाही शेवटची पाच मिनिटं आत बोलवा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद हवाच असेल तर पाच दिवसांची नोंद उद्यापासून सुरू करा. नोंदी पुऱ्या झाल्या नाहीत तर मुख्याध्यापिकांना तसंच लेखी द्या : ‘निरीक्षण चालू आहे, उद्दिष्टं अमुक तारखेला देईन.’ दर पंधरा दिवसांनी एकदा आकडे बघा. एखादं उद्दिष्ट दोन पंधरवडे हललंच नाही, तर त्यानं प्रयत्न केला नाही असं धरू नका. आधी उजवा रकाना वाचा, आपण ठरवलेली मदत खरंच रोज झाली का ते बघा, आणि झाली असेल तर मदत बदला. जे जमलं त्याची मदत एकदम काढू नका, एक-एक आठवण कमी करत जा.

मार्चअखेर त्या कागदाच्या तळाला दोन ओळी लिहा, कशानं फरक पडला आणि कशानं पडला नाही. जूनमध्ये तो चौथीच्या बाईंच्या वर्गात जाईल. पालकांना विचारून तो कागद शाळा सुरू होण्याआधी त्यांच्या हातात द्या आणि बाकावरची टकटक त्यांना एकदा करून दाखवा, म्हणजे जून-जुलै त्याला नव्यानं ‘त्रासदायक’ ठरवण्यात जाणार नाहीत.

तुमच्या पाच दिवसांच्या नोंदी मला पाठवा, मुलाचं नाव न घालता. आकडे बघून पहिला टप्पा किती ठेवायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.